खांद्याचं मत

कंडक्टरबाई निवृत्त झाल्या, पण त्यांचा उजवा खांदा काही निवृत्त झाला नाही. जन्मभर चामड्याची जड पिशवी वागवून तो डाव्यापेक्षा खाली उतरला होता. बसमध्ये विसरलेल्या छत्र्या, डबे, एकदा तर कुणाची कवळीसुद्धा त्यांनी परत केली होती. विसराळू माणसांची त्यांना चीड होती आणि ती त्या बोलूनही दाखवत.

सून पिशव्यांच्या कारखान्यात नवे नमुने बेतायची. एका संध्याकाळी तिनं काळ्या नायलॉनची पर्स सासूपुढं ठेवली.

"आई, एवढा एकच नमुना आहे. उद्या साहेबांना दाखवायचाय. बाजारात नेऊन आणा आणि खरं काय ते सांगा."

"छत्रीच्या कापडाची दिसते."

"त्याचीच तर किंमत असते, आई."

"छत्री निदान पावसात उपयोगी पडते."

बाजारातून बसनं परतल्यावर भाजी ओट्यावर ठेवून बाईंचा हात सवयीनं उजव्या कमरेशी गेला. तिथं पर्स नव्हती. सुनेची नोकरी, आणि वर आपली आजवरची बडबड! त्यांनी दाराआड पाहिलं, माठामागं पाहिलं, ओणवं होऊन पलंगाखाली पाहिलं.

"काय शोधतेस?" पेपरामागून यजमानांनी विचारलं.

"काही नाही."

"सांगितलंस तर मीही शोधीन."

"तुम्हाला स्वतःचा चष्मा सापडत नाही. वाचा गप."

यजमान वाचू लागले. पर्स बायकोच्या पाठीवर लोंबत होती. तेव्हा हरवलंय ते दुसरंच काहीतरी, हे त्यांना उघड होतं.

बाई बसस्टॉपकडे धावायला निघाल्या, तोच सून दारात. "आई, पाठीवर किती छान दिसतेय हो!"

बाईंनी हात मागं नेला. यजमानांच्या ओठांवर काखेतल्या कळशाची म्हण आली होती. ती त्यांनी पेपर वर धरून गिळली.

"निकामी आहे," बाई म्हणाल्या. "खांद्याला कळतच नाही."

"हलकी आहे, हाच तर गुण!"

"गुण कसला? पोर कडेवर आहे की नाही, हे आईला कळायला नको?"

त्यांनी ट्रंकेतून डेपोतल्या जुन्या कपाटाची जाडजूड पितळी किल्ली काढली आणि पर्सच्या पट्ट्याला बांधून टाकली. सकाळी सुनेनं गाठ सोडायचा पुष्कळ प्रयत्न केला. सुटली नाही.

साहेबांना किल्लीच आवडली. आता त्या पर्सा तशाच विकल्या जातात, प्रत्येकीला एक पितळी किल्ली. पहिली पर्स सुनेनं सासूला आणून दिली. बाईंनी ती लटकवली. खांदा मनाजोगता खाली गेला.

"आता बरी आहे." मग त्यांनी किल्ली उलटसुलट करून पाहिली. "कुलूप नंतर देणार आहेत का?"