मेनूतली बाई

बाईने मोबाईल माझ्या तोंडाशी धरला. एकदा मोबाईलकडे बघितलं. एकदा माझ्याकडे. मग टेबलाकडे वळून ओरडली, "हीच आहे रे! मेनूतली हीच!"

सगळे वळले. मुंबईकडचं कुटुंब होतं, गाडी करून आलेलं. मी चुलीपुढे बसले होते. हात पिठाने भरलेले. तव्यावरची भाकरी उलटायची होती, पण मोबाईल मधे होता.

"मावशी, इकडे बघ ना. फोटोत हसतेस, मग आता का नाही हसत?"

मी हसले. त्यासाठीच तर ठेवलं होतं मला.

"आणि खाली काय लिहिलंय ऐका," ती म्हणाली आणि इंग्रजीत काहीतरी वाचलं. सगळे हसले. तिच्या नवऱ्याने म्हटलं, "अगं, तिलाही कळू दे. मराठीत सांग."

तिने सांगितलं. "जंगलात उंदीर-घुशी खाऊन जगणाऱ्या जमातीच्या बाईच्या हातची अस्सल चव."

त्यांच्या पोराने ताट पुढे ढकललं. "मम्मा, यात उंदीर आहे?"

पुन्हा हसले. मग बाईने मला विचारलं. रागाने नाही, अगदी सहज. "खरंच खाता का गं तुम्ही?"

"नाय," मी म्हटलं. "आमी नाय खात."

भाकरी करपली. मॅनेजर लांबून ओरडला, "लक्ष कुठाय तुझं?"

पळसदरीच्या अलीकडे रस्त्याला लागून ते हॉटेल आहे. शनिवार-रविवारी गाड्या लावायला जागा नसते. बाहेर आवारात त्यांनी एक झोपडी केली आहे. कुडाच्या भिंती, वर पेंढा. आमच्या वाडीत आता अशी घरं थोडीच उरलीत, पण तिथे मुद्दाम बांधली. त्यात चूल. चुलीपुढे मी. कासोटा घातलेलं लुगडं, गळ्यात मण्यांच्या माळा. लुगडं त्यांचं, माळाही त्यांच्याच. मी घरून गाऊनवर ओढणी घेऊन यायची आणि मोटार ठेवायच्या शेडमागे जाऊन ते नेसायची. पाहुण्यांना अशीच कातकरीण बघायची असते, असं वैनी म्हणायच्या. वैनी म्हणजे हॉटेलच्या मालकाची, शेठची सून. सगळा कारभार त्यांच्याच हातात.

माझ्या हातची भाकरी, सुकटीची चटणी, पावसाळ्यात शेवळाची भाजी सगळे बोटं चाटून खायचे. पण आतल्या स्वयंपाकघरात मला पाय ठेवायला बंदी. आत देव्हारा आहे, असं कारण सांगायचे. भांडी घासणारी आत जायची. गॅसची टाकी आणणारा चपलांसकट आत जायचा. मला पाणी हवं असलं की मी खिडकीखाली उभी राहायची, आतून कोणीतरी माझ्या बाटलीत वरून ओतायचं.

हे मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. गिळत होते.

फोटो वैनींनीच काढला होता. "मेनूत टाकते तुला," म्हणाल्या. मला बरं वाटलं होतं. खोटं कशाला बोलू? पण मग पुठ्ठ्याचे मेनू गेले. प्रत्येक टेबलावर एक काळा-पांढरा चौकोन चिकटवला. सगळे त्याला स्कॅनर म्हणतात. त्याच्यावर मोबाईल धरला की जेवणाची यादी उघडते. माझा फोन बटणाचा. त्या चौकोनात माझं तोंड आहे, हे मला माहीत होतं. तोंडाखाली काय आहे, ते माहीत नव्हतं. रोज त्याच टेबलांवर मीच भाकऱ्या नेऊन ठेवत होते.

घरी मी कोणाला बोलले नाही. घरधनी वीटभट्टीवर गेलेला. मुलगी आठवीत, कर्जतच्या शाळेत जाते. सकाळी हातपंपावर आले तर ती तिथेच बसलेली, शाळेचे कपडे न घालता.

"शाळा नाय का गं?"

"पोट दुखतं."

"परवा पण दुखत हुतं."

ती उठून जायला लागली. मी दंड धरला. तेव्हा रडायला लागली आणि रडता रडता बोलली. तिच्या वर्गातली एक पोरगी वाढदिवसाला घरच्यांबरोबर हॉटेलात आली होती. तिने मेनू उघडला, फोटो बघितला, खालची ओळ वाचली आणि सगळ्यांना पाठवली. तेव्हापासून माझ्या मुलीने डबा उघडला की मागच्या बाकावरून चूं-चूं करतात.

"मंग तू काय केलंस?"

"मी सांगितलं, ती माझी आय नाय."

हंडा भरून वाहत होता. मी पंप मारतच राहिले.

मारायला हात उचलला नाही मी. कुठल्या तोंडाने उचलणार? त्या बाईपुढे मीही तेच केलं होतं. आमी नाय खात, असं म्हणून मी माझ्या बापाला नाकारलं होतं. तो माणूस माझ्या डोळ्यांपुढे आला. भात कापून झालं की मालकाच्या शेतात बांधावर पालथा पडून घुशीचं बीळ खणायचा. कोपरापर्यंत हात आत. बिळातून घुशीने साठवलेल्या लोंब्या निघायच्या, त्या आम्ही पोरं ओटीत घ्यायचो. घूस भाजायचा. पहिला तुकडा आम्हाला. शेत मालकाचं, भात मालकाचं, कापणी आमची, आणि आमच्या वाट्याला बीळ. लाज कोणाला वाटायला पाहिजे होती? मला एवढी वर्षं वाटत होती.

रविवारी मी गेले. शेडमागे गेले नाही. धुवायला घरी नेलेलं लुगडं आणि माळा एका पिशवीत घेतल्या आणि माझ्या गाऊनवर, ओढणी घेऊन, सरळ काउंटरपाशी गेले. वैनी हिशेब बघत होत्या. आजूबाजूची टेबलं भरलेली.

"हे काय? नेसली नाहीस?"

पिशवी ठेवली. "माझा फोटो काढा त्यातून. खालचं लिहिलेलं पण काढा."

त्या हसल्या. "अगं, वेडी आहेस का? तुझं नाव होतंय."

"नाव कुठं हाय? दाखवा."

त्यांनी मोबाईल उघडला. नाव नव्हतं. ट्रायबल लेडी, एवढंच होतं.

"बरं, नाव टाकते. आता जा, गर्दी आहे."

"उंदराचं कोनी सांगितलं तुमाला?"

त्यांचा आवाज बदलला. "का? खोटं आहे?"

जेवणारे बघायला लागले होते. मॅनेजर पुढे आला. एका टेबलावर कोणीतरी मोबाईल वर करून माझं शूटिंग सुरू केलं. करू दे म्हटलं. मी त्याच्याकडेच तोंड केलं.

"खोटं नाय. खाल्ले. माज्या बापानं खाल्ले, मी पन खाल्ले. तुमच्यासारख्यांच्या शेतात राबून पोट भरत नव्हतं म्हून खाल्ले. ते पन लिवा त्याच्यात. आन् हे पन लिवा, का जिच्या हातचं तुमी खाताय, तिला आत पानी प्यायला घेत नायत."

मग मी माझं नाव सांगितलं. आडनावासकट. वाडीसकट.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एका बाईने मान खाली घातली आणि जेवत राहिली. मॅनेजरने माझा दंड धरून मला फाटकापर्यंत नेलं. हा जवळच्याच दहिवली गावचा, माझ्या भावाच्या वयाचा. फाटकापाशी हळूच म्हणाला, "कशाला बोललीस गं? गप ऱ्हायची ना."

काम गेलं.

काही दिवसांनी मुलीने शेजारच्याच्या मोबाईलवर मेनू उघडला. माझा फोटो नव्हता. तेच लुगडं, त्याच माळा, तीच झोपडी. आत दुसरी बाई. खालची ओळ तशीच.

मी तिला शोधत गेले. ओढ्यापलीकडच्या वाडीतली निघाली. तरणी, कडेवर पोर. मी तिला ती ओळ सांगितली. तिने पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"मला काय ठाव? त्या म्हनल्या, फोटू झ्याक आलाय."

"झ्याकच आलाय."

तिने पोराचं नाक पदराने पुसलं. मग म्हणाली, "पन काम सोडून मी खाऊ काय?"

काम सोड असं मी तिला सांगितलं नाही, कधी सांगणारही नाही. मुलगी शाळेत जाते, पण डबा नेत नाही.

ती ओळ मुलीने मला मराठीत कागदावर उतरवून दिली, ती आता मला तोंडपाठ आहे. येत्या रविवारी मी त्या हॉटेलात जाणार आहे. जेवायला, गिऱ्हाईक म्हणून. वाडीतल्या तिघी येते म्हणाल्यात. आम्ही टेबलावर बसणार, आतलं पाणी मागणार, आणि सगळे जेवत असताना मी उभी राहून ती ओळ मोठ्याने म्हणणार. बाहेर काढलं तर त्याच्या पुढच्या रविवारी. ती ओळ निघेपर्यंत. आणि मला कोणी पुन्हा विचारलं, खरंच खाता का गं तुम्ही, तर मी खाली बघणार नाही.