अर्धा गिलास बाबारावचा

आमच्या सासूबाईले, जयवंताबाईले, एकटीनं खायाची सवयच नाई. पेरू भेटला तं अर्धा मामाजीले, चहा केला तं अर्धा कप मामाजीले. मामाजी म्हंजे माह्ये सासरे, बाबाराव. लग्न झालं तवापासून हेच चालू. आमच्या रोहणा गावातल्या बाया चिडवतात, "जयवंता, ठेच लागली तं तेही अर्धी बाबारावले देजो वं!" सासूबाई हासतात, पण सवय काई सोडत नाईत.

दिवाळीनंतर त्याईचे गुडघे लय दुखाले लागले. कापूस वेचाले जाणं बंद झालं. बुद्धविहारात सगळ्या बाया वंदनेले खाली बसत अन् सासूबाईले खुर्ची. ते त्याईच्या मनाले लय लागलं. माह्या नणदेनं, काजलनं, नागपूरवरून सांधेदुखीच्या पावडरचा डबा धाडला. डब्यावर उड्या मारणारी म्हातारी! सासूबाई रोज दुपारी ताकात घोळून घेत अन् म्हणत, "मेघा, मले फरक पडून राह्यला." पायऱ्या उतरताना मात्र "आई वं!" जसंच्या तसंच.

मंग एक दिवस मामाजीच्या हिरड्यातून रक्त याले लागलं. हातावर उगाच निळे डाग दिसले. छातीतला व्हॉल्व्ह बदलला तवापासून ते रक्त पातळ ठेवायची गोळी घेतात. लगेच त्याईले घेऊन आर्वीचा दवाखाना गाठला. सासूबाई मागं मागं.

डॉक्टरीणबाईनं रक्त तपासलं. रक्त पाह्यजे त्याच्याहून पातळ झालतं. म्हणाल्या, "नवीन काही सुरू केलं का? गोळी, काढा, पावडर?"

"काईच नाई," मामाजी छातीठोक. बायकोनं देल्लेल्या ताकात औषध असन, हे त्या माणसाच्या सपनातही नाई.

सासूबाई पदर पिळत बसल्या. मंग हळूच बोलल्या, "ताकातली पावडर... अर्धा गिलास याईले देत होती मी."

अस्सा राग आला मले! "आई, औषधाचीही वाटणी करता काय तुम्ही? माणूस हातचा गेला असता!"

त्या रडाले लागल्या. "मले वाटलं, माह्ये गुडघे धड होतील अन् याईचे मागं राहून जातील." आता अशा बाईवर काय रागवावं?

डॉक्टरीणबाईनं समजावून सांगितलं, "या पावडरनं कोणाला थोडा आराम पडतो, कोणाला काहीच नाही. खात्री कोणीच देऊ शकत नाही. पण रक्त पातळ करायच्या गोळीसोबत ती धोक्याची, रक्त आणखी पातळ होऊ शकतं. यापुढे आधी विचारायचं."

"असते काय तिच्यात?" मामाजीनं विचारलं.

"बहुतेक वेळा झिंगे-खेकड्यांच्या टरफलातून काढतात."

"अवं, मंग सरळ झिंग्याची चटणीच केली असती ना!" मामाजी म्हणाले, अन् सासूबाई रडता रडता हासल्या.

पावडर बंद झाली, तसं मामाजीचं रक्त लायनीवर आलं. सासूबाईले डॉक्टरीणबाईनं खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा व्यायाम सांगितला होता. मांडी मजबूत झाली की गुडघ्यावरचा भार हलका होते म्हणे. दुखणं जरा कमी आहे, पण खाली बसणं अजून जमत नाई.

मंग पौर्णिमा आली. विहारात सासूबाई मान खाली घालून खुर्चीवर बसल्या. तेवढ्यात मामाजी दुसरी खुर्ची वढत आले अन् त्याईच्या बाजूले बसले.

"बाबाराव, तुमचे गुडघे तं धड आहेत, तुम्ही काऊन खुर्चीवर?" एका बाईनं विचारलं.

"ठेच अर्धी वाटून घ्याले तुम्हीच सांगता ना बाई," मामाजी म्हणाले. "मंग ते खुर्ची एकटीची कशी?"

सासूबाईनं मान वर केली. त्या दिवशी वंदनेत सगळ्यात मोठा आवाज त्याईचाच होता.