सरूबाईंचं नाक

सरूबाईंना वास येणं बंद झालं ते एका तापात. ताप पाच दिवसांत उतरला, वास मात्र परतला नाही. भाईंदर पूर्वेच्या एका गाळ्यात त्यांनी बावीस वर्षं अगरबत्त्या पॅक केल्या होत्या. डोळे मिटून मोगरा, केवडा, चंदन वेगळे सांगायच्या. आता गजरा नाकाशी धरला तरी कोरा कागद हुंगल्यासारखं वाटे. डॉक्टर म्हणाले, "येईलही, नाहीतर नाही." पुढे त्यांना स्वप्नं पडू लागली, तीही वासांचीच. माणूस कुणी दिसायचं नाही. नुसता रत्नागिरीकडच्या पिकल्या फणसाचा, नुसता पेजेचा वास दरवळायचा आणि जाग आली की विरून जायचा.

एका दुपारी दूध उतू जाऊन शेगडी विझली. सरूबाई ओट्यापासून तीन पावलांवर, आपल्याच तंद्रीत लसूण सोलत होत्या. शेजारच्या हंसाबेन धावत आल्या.

"सरूबेन, गैस की बास आ रही है. आपको नहीं आती?"

त्यांनीच रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडल्या, ठिणगी पडेल म्हणून पंख्याच्या बटणाला कुणाला हात लावू दिला नाही. संध्याकाळी सून समिधा कामावरून आली आणि सगळं ऐकून चपला न काढताच खाली बसली. आठवड्याभरात घरात इंडक्शन आलं.

शिवा वायरमनने एक्स्टेंशन बोर्ड पाहून मान हलवली. "मावशी, याच्यावर नाय लावायचं, वायर तापते. याला वेगळा मोठा पॉइंट काढून देतो. आणि ओल्या हाताने पिन ओढू नका."

जर्मनचा जुना टोप ठेवला तर यंत्र नुसतं टिटी करत बसलं. समिधाने फ्रिजवरचं लोहचुंबक काढून एकेका भांड्याच्या बुडाला लावलं; ज्यांना चिकटलं ती खाली राहिली, बाकीची माळ्यावर गेली.

सरूबाईंना ते सगळं परकं वाटे. जाळ नाही, धग नाही, काळ्या काचेत फक्त स्वतःचा चेहरा. चौथ्या दिवशी कुकर उतरवून त्यांनी त्या काचेवर डब्याचं प्लास्टिकचं झाकण ठेवलं. शेगडी बंद होती, पण काच कुकरने तापवलेली. झाकण मऊ होऊन चिकटलं, घरभर उग्र वास सुटला आणि त्यांना पत्ताच नाही. समिधा आली तेव्हा कळलं.

"आई, बंद केलं तरी काच गरम असते."

"मला कसं कळणार?" सरूबाई हळूच म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

त्या दिवसापासून त्या कानांनी रांधू लागल्या. मोहरीचं तडतडणं त्यांना आधीही माहीत होतं. आता भाताचं पाणी आटताना बदलणारा सूर कळू लागला, कांदा लाल होताना आवाज कसा बारीक होतो ते कळलं. डोळे मिटून ऐकत राहिलं की वाटे, घर कुठेतरी पाण्याखाली आहे आणि वरून कुणीतरी हाक मारतंय. काच पूर्ण निवेपर्यंत तिच्यावर त्या काही ठेवत नसत.

वर्ष सरत आलं. उत्तनची एक बाई दारावर सुका जवळा, वाळवलेली बारीक कोळंबी, घेऊन यायची. एका रविवारी सरूबाईंनी खिडक्या लावून तो लोखंडी तव्यावर मंद आचेवर परतायला घेतला. कुरकुर आवाज येत होता. आणि मधेच, एखादं दार किलकिलं व्हावं तसं, खारं, धुरकट असं काहीतरी नाकात शिरलं. त्या हलल्याच नाहीत. हललं तर ते जाईल अशी भीती वाटली.

"समिधा, जवळा करपतोय का गं?"

"थोडासा. तुम्हाला कसं..."

दुसऱ्या दिवशी वास पुन्हा नाहीसा झाला. मग गुरुवारी चहाच्या आल्याचा आला, पुढे कितीतरी दिवस काही नाही. तो असाच येतो जातो. पुन्हा एकदा जवळा शिजत असताना समिधाने विचारलं, गॅस परत आणायचा का. सरूबाई नको म्हणाल्या. नाकावर भरवसा ठेवायचं वय गेलं, असं म्हणून त्यांनी जवळ्यात कोकम टाकलं.