तार तुटली की चहा

दादा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी तिसरीच्या वर्गाकडून सातचा पाढा म्हणून घेत होते. राईस मिलमधला माणूस सायकल दामटत आला, दारात उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, भंडाऱ्याहून फोन आला जी. मनोहरभाऊ... सकाळी गेले." मी "बरं" म्हटलं. खरंच, एवढंच म्हटलं. मग पाढा शेवटपर्यंत म्हणून घेतला, फळा पुसला, हेडमास्तरांना सांगून एसटी धरली. भंडाऱ्याच्या लॉजवर पोचल्यावरही मी आधी विचारलं ते त्याच्या बॅगेबद्दल. झोपेतच गेला होता, चेहरा अगदी रोजचा होता, आणि मी आपली बॅगेतले कपडे मोजूनमापून घडी करून ठेवत होते. आमच्या मोहाडीत कुणीतरी बोललंच, "या बाईच्या डोयात पाणी नाही." बोलू द्या. नव्हतं तर नव्हतं. त्यानंतर मी एकही दिवस शाळा बुडवली नाही. वेळेवर जेवले, वेळेवर झोपले. फक्त एक झालं, 'दादा गेला' असं माझ्या तोंडून काही निघेना. कुणी विचारलं तर मी म्हणायची, "हो, झालं तसं."

मनोहर माझा थोरला भाऊ. नागपूरला इंजिनीयरिंगच्या पोरांना शिकवायचा, चांगली नोकरी होती. ती सोडून सत्तरच्या दशकाच्या शेवटी तो सरकारचा सल्लागार झाला. जिल्ह्यात कोणते धंदे शिकवणारे वर्ग काढावेत, कोणती यंत्रं गावात येऊ घातली आहेत, ती चालवायला आणि दुरुस्त करायला माणसं कुठून मिळतील, हे सांगायचं त्याचं काम. लग्न केलं नाही. मोहाडीतल्या माझ्या भाड्याच्या दोन खोल्यांतली पुढची खोली त्याची. शेजारच्या कौसाबाईने मला एकदा विचारलं होतं, "तुमचा भाऊ करते काय जी?" मी म्हटलं, सल्ला देतो. "अन् त्याचे पैसे भेटते?" भेटतात म्हटल्यावर ती हसत सुटली. "बापा! आमच्या इकडं तं लोक फुकट देतेत, अन् कोणी घेत नाही!" दादाला हे इतकं आवडलं की नागपूरच्या साहेबांनाही त्याने ते ऐकवलं. साहेब हसले नाहीत म्हणे.

त्याची कामाची रीत अशी की तो आधी आठवडी बाजारात जाऊन बसायचा. लोकांना एकच विचारायचा, यंदा घरातलं काय बिघडलं आणि दुरुस्तीला कुठे नेलं? सुरुवातीला फार फजिती झाली. त्या काळात बॅगवाला अनोळखी माणूस दिसला की लोक नसबंदीवाला समजून पळायचे. मग तो बॅग माझ्याकडे ठेवून, पिशवीत वांगी घेऊन बसायला लागला. अशा कितीतरी बाजारांतून त्याच्या कानावर एकच रडगाणं आलं, मोटार जळली. धान पाण्यावर आलं की सगळ्यांचे पंप एकदम चालायचे, विजेचा दाब कमी व्हायचा, विहिरीवरच्या मोटारी जळायच्या, राईस मिलच्याही जळायच्या. त्या एसटीच्या टपावर टाकून भंडाऱ्याला, नाहीतर नागपूरला न्यायच्या. त्या परत येईपर्यंत धानाच्या बांधीतलं उभं पीक माना टाकायचं. दादाने ठरवलं की मोहाडीत मोटारीची वायंडिंग, म्हणजे जळलेल्या तारेच्या जागी नवी तार गुंडाळणं, शिकवणारा वर्ग काढायचा. आणि शिकवायचं कुणाला, तर बायांना.

ही कल्पना त्याला आमच्या आईवरून सुचली. आम्ही कोष्टी. बाप मागावर आणि आई रहाटावर. बाण्याचं, म्हणजे आडवं, सूत धोट्यातल्या कांडीवर भरायचं काम आमच्यात बायांचं. आईची बोटं सुतावर अशी फिरायची की वळसा वळशावर चढत नसे. आता हातमाग एकेक करून बंद पडत होते आणि ती बोटं विड्या वळायला लागली होती. "कुसुम, मोटारीत तांब्याची तार गुंडाळतेत, कांडीवर सूत. फरक काय आहे सांग?" तो मला विचारायचा. नागपूरच्या साहेबांचं म्हणणं, बायांसाठी शिवणवर्ग काढा. दादा म्हणाला, "शिवणाऱ्या बाया गावात आहेतच साहेब, शिवून घेणारे कुठून आणता?" खूप ओढाताणीनंतर एका वर्षापुरता वर्ग मंजूर झाला. चाचणीत पास झाला तर पुढे चालणार होता. नाही झाला तर शिवणयंत्रं तयारच होती. दादाचा जीव त्या वर्गात अडकला होता. इतका की जेवताना ताटाच्या कडेवर बोटाने वळसे मोजायचा.

बाया पटापट शिकल्या. गिरजा नावाची एक होती, नवरा गेलेली, सासूच्या जाचाने वाकलेली, पण हात असा की दादा बघत उभा राहायचा. चाचणीच्या दिवशी साहेब आले, हार झाले, बायांनी वायंडिंग केलेली राईस मिलची मोटार अंगणात मांडली. बटण दाबलं. मोटार फिरली, टाळ्या पडल्या... आणि टाळ्या थांबायच्या आत जळका वास आला. मग धूर. साहेबांनी रुमाल नाकाला लावला आणि गाडीत बसताना दादाला म्हणाले, "मनोहरराव, शिवणयंत्रं पाठवतो."

दादाने त्या संध्याकाळी मोटार उकलली. आतल्या वेटोळ्यात तार तुटलेली होती आणि सुतासारखी बोटाने पीळ देऊन जोडलेली होती. वरचं वार्निश खरवडलेलं नाही, कथलाचा डाग दिलेला नाही, काही नाही. एका ठिकाणी नाही, तीनचार ठिकाणी. म्हणजे एकीचं काम नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याने बायांना गोलात बसवलं आणि विचारलं, "तार तुटली तं सांगितलं काहून नाही?" गिरजाच म्हणाली, "कांडी भरताना सूत तुटलं म्हटलं का सासू म्हणते, सुनेचा हात जड आहे. कोण सांगन जी? जोडायचं अन् पुढं जायचं. आमची मायही असंच करे." घरी आल्यावर दादा मला म्हणाला, "चूक माही आहे कुसुम. मी बोटं पाहिली, सवय नाही पाहिली."

तो नागपूरला गेला आणि आणखी एक चाचणी मागून आणली. पुन्हा जळली तर माझाही सल्ला बंद, असं कबूल करून. आणि वर्गात नियम केला. जिची तार तुटेल तिने मोठ्याने ओरडायचं, 'तुटली!' रागावणार कुणी नाही. उलट तिच्यासाठी चहा तो स्वतः करणार. आता दादाचा चहा म्हणजे पाक, चमचा उभा राहावा इतकी साखर. पहिले काही दिवस कुणी ओरडेना. मग एकदा गिरजाच ओरडली, "तुटली!" सगळ्या जणी काम थांबवून बघायला लागल्या. दादा उठला, स्टोव्ह पेटवला, कप तिच्यापुढे ठेवला आणि जोड कसा द्यायचा ते शेजारी बसून दाखवलं. ती पदराआड रडली. आयुष्यात पहिल्यांदा काही मोडल्यावर कुणी चहा दिला, असं नंतर मला म्हणाली. पुढे तर वर्गात सारखी आरोळी उठायची. काही जणी मुद्दाम तोडतात की काय असा मला दाट संशय होता.

दुसऱ्या चाचणीला दादा मोटारीवर उलटा हात ठेवून उभा होता, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. मोटार फिरत राहिली. साहेबांना जांभई आली तरी फिरत राहिली. "बंद करा आता," साहेब म्हणाले, "वर्ग चालू ठेवा." दादाने मागे वळून बायांकडे पाहिलं तेव्हा त्याचा चेहरा... जाऊ द्या, मला तो चेहरा नीट लिहिता येत नाही.

वर्ग पुढे चालला. गिरजाने बसस्टँडजवळ टपरी टाकली, आज आसपासच्या गावांतल्या मोटारी तिच्याकडे येतात. मी कधी कौतुक केलं तर दादा खेकसायचा, "एक गिरजा म्हणजे धोरण नव्हे. अशा गावोगावी पाहिजेत." शेवटचा भंडाऱ्याला गेला तोही दुसऱ्या तालुक्यात असाच वर्ग मागायला. त्याचं काय झालं ते मला कुणी कळवलं नाही, मीही विचारलं नाही.

परवाच्या रविवारी गिरजा घरी आली. दादाच्या खोलीतला टेबलफॅन अडखळत होता, मीच निरोप पाठवला होता. त्याच्याच टेबलावर तिने पंखा उघडला आणि वेटोळं भरायला घेतलं. मी दारात बसून तांदूळ निवडत होते. अचानक ती सवयीने मोठ्यांदा ओरडली, "तुटली!" आणि मान वर करून दादाच्या खुर्चीकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "चुकलं जी." मी सूप बाजूला ठेवलं, आत गेले आणि चहा ठेवला. साखर हाताला येईल तितकी टाकत गेले. कप तिच्यापुढे ठेवला. एक घोट घेऊन ती म्हणाली, "मनोहरभाऊच्यासारखाच झाला."

मी जमिनीवर बसले. "दादा गेला, गिरजा," मी म्हटलं. किती मोठ्याने म्हटलं कोण जाणे, कौसाबाई भिंतीपलीकडून "काय झालं वो?" म्हणाली. "गेला माझा दादा."

"हव बाई," गिरजा म्हणाली. तिने आपल्या कपातला अर्धा चहा बशीत ओतला आणि बशी माझ्याकडे सरकवली. पाकच होता नुसता. मी सगळा प्यायले.