धाकटीच्या डब्यातला पाला

सरळच सांगते. माझ्या धाकट्या बहिणीचं चांगलं झालेलं मला बघवत नव्हतं.

अमका काढा प्या, तमका रस प्या, विषाणू पळून जाईल, असं सांगून पैसे काढणाऱ्यांच्या विरोधात एसटी स्टँडवर पत्रकं मी वाटली. त्यातला मजकूरही माझाच. ‘पुरावा मागा’ म्हणत उन्हात उभं राहायचं आणि वर शिव्या खायच्या. आणि घरातली शास्त्रज्ञ कोण? तर धाकटी.

ती सूक्ष्मजीवशास्त्राच्या एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. प्रकल्पाला तिनं शेंगदाण्याचं लाल सालपट घेतलं. आमची अव्वा, म्हणजे आई, घरी शेंगाचटणी करून विकते. दाणे भाजायचे, चोळायचे, सुपात पाखडायचे आणि तेल सुटेपर्यंत उखळात कुटायचे. धाकटीला त्या धुळीनं शिंका यायच्या, म्हणून पाखडणं लहानपणापासून माझ्या वाट्याला. म्हणजे सालपटं मी उडवायची आणि त्यांच्यावर पदवी तिनं घ्यायची.

सालपटात चहासारखी तुरट द्रव्यं असतात. ती विषाणूला चिकटतात आणि त्याला पेशीत शिरू देत नाहीत, असा कयास आहे. धाकटीनं माणसाचा विषाणू घेतला नव्हता, कॉलेजात ते जमतही नाही. जिवाणूंना ग्रासणारा, आपल्याला निरुपद्रवी असा एक विषाणू घेतला होता. काचेच्या बशीत जिवाणूंचा दुधट थर वाढवायचा. विषाणू सोडला की त्या थराला भोकं पडतात. सालपटाचा अर्क मिसळल्यावर भोकं कमी पडली, तर अर्कात काहीतरी दम आहे. “पण बशीत झालं म्हणजे अंगात होईलच असं नाही,” हे ती स्वतःच सांगायची. हे वाक्य मला आधी सुचायला हवं होतं. त्याचाही मला राग होता.

अव्वा तर सालपटं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवायला लागली.

“अव्वा, म्हशीला घालायचा कचरा तो. एवढं काय जपायचं?”

“तुला न्हाय कळायचं. तुझ्या पत्रकांचे कागद मी कधी टाकले का?”

“चटणीच्या डब्याखाली अंथरतेस की.”

“मग? कामाला आले की न्हाय?”

एका दुपारी अव्वा त्या डब्यात वाळलेला कडुलिंबाचा पाला घालताना मला दिसली. “किडा लागंल की. ज्वारीत न्हाय का घालत आपण?” म्हणाली. मी खांदे उडवले. डबा धाकटीच्या हाती देताना अव्वानं मोठी पानं वेचून काढली. चुरा झालेला पाला मात्र तळाशी तसाच राहिला.

पुढच्याच आठवड्यात धाकटी उड्या मारत घरी आली. तिनं दोन ठिकाणची सालपटं तपासली होती. मार्केट यार्डातल्या सालपटांनी भोकं थोडीच कमी झाली होती. घरच्या सालपटांनी बशी जवळजवळ साफ, भोक क्वचितच. सरांचं म्हणणं, भाजण्यातच काही वेगळं असेल, विभागाच्या परिसंवादात मांड.

“अव्वा, तुझ्या भाजण्याचं नाव होणार आता,” धाकटी म्हणाली.

“लई झालं बाई, जेव आधी,” म्हणत अव्वानं तव्यावरची पहिली भाकरी तिच्या ताटात टाकली.

त्याच क्षणी मला कळलं. भाजणं कसलं, तळाला राहिलेल्या कडुलिंबाचा तो प्रताप. आणि मी गप्प बसले. प्रकल्प माझा नाही, तपासून घेणं तिचं काम, असं मनाला समजावलं. खरं कारण वेगळं होतं. परिसंवादात कोणीतरी हात वर करून नेमकं विचारावं, ‘सालपटं ठेवली कशात होती?’ आणि तिचा चेहरा पडावा, असं मला वाटत होतं. तो पडलेला चेहरा मी मनात चारदा बघून घेतला.

परिसंवादाच्या आदल्या संध्याकाळी ती कागद घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. “अक्का, तू लोकांपुढं बोलतेस. कुठं अडखळते ते सांग की.” ती बोलत गेली. एका ठिकाणी ठासून म्हणाली, “घरच्या सालपटांत दुसरं काहीही मिसळलेलं नाही.”

“मिसळलंय. कडुलिंब हाय त्यात,” मी म्हणाले.

ह्यात प्रामाणिकपणा होता, पण निम्माच. बाकीचं तिच्या त्या ठाम सुराच्या रागानं तोंडातून निघालं. पत्रकं वाटतानाचा तो सूर माझा होता. मी सगळं सांगितलं: पाला, कीड, तळाचा चुरा.

“तुला कधी कळलं?”

“बशी साफ झाली म्हणालीस, तेव्हा.”

तिनं बोटांवर मोजलं. “म्हणजे अकरा दिवस.” आवाज चढवला नाही. “आणि तू लोकांना पुरावा मागायला सांगतेस.”

आतून अव्वा आली. “काय झालं गं?”

“काय न्हाय अव्वा. भाषणाची तयारी चाललीय,” धाकटी म्हणाली. तिच्या जागी मी असते तर अव्वाला तिथंच सुनावलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी शेवटच्या बाकावर बसले. धाकटीनं निकाल म्हणून फक्त मार्केट यार्डातल्या सालपटांचे मांडले. अगदीच बेताचे. मग ती साफ बशी पडद्यावर दाखवली आणि म्हणाली, “ही धरू नका. घरी कीड लागू नये म्हणून डब्यात कडुलिंब घातला होता. मी विचारून घेतलं नाही. चूक माझी.” सभागृह हसलं, पण आपुलकीनं. मग टाळ्या वाजल्या. आजचा सगळ्यात चांगला भाग हाच, असं सर म्हणाले. मीही टाळ्या वाजवल्या. निदान खरं बोलण्यात तरी मी तिच्या पुढं होते. तेही तिनं नेलं.

परत जाताना ती माझ्या स्कुटीवर मागं बसली. खांदा धरला नाही, मागची दांडी धरली.  सात रस्ता चौकातल्या सिग्नलला मी विचारलं, “माझं का नाही सांगितलंस? अक्काला माहीत होतं, तिनं लपवलं, म्हणायचं.”

“म्हणजे सगळे तुझ्याबद्दलच विचारत बसले असते,” ती म्हणाली. “माझा दिवस होता तो.”

म्हणजे तीही माझ्यासारखीच; एवढं बरं मला अकरा दिवसांत वाटलं नव्हतं. सिग्नल सुटला आणि मी गाडी पुढं काढली.