अंपायरकाकांचा डावा हात

अंपायरकाकांचं चष्म्याचं दुकान होतं, आणि या एका गोष्टीपायी त्यांनी आयुष्यभर ऐकून घेतलं. निर्णय पटला नाही की बाउंड्रीवरून कुणीतरी ओरडायचंच, "काका, दुकानातला एखादा स्वतःही लावा की!" काका ढिम्म. आठवडाभर ते गिऱ्हाइकांच्या नाकावर फ्रेमा बसवायचे, घरी बायकोचं ऐकायचे, सुनेचं ऐकायचे, मांजराचंसुद्धा ऐकायचे. रविवारी मात्र पांढरा कोट चढवला की भल्याभल्यांची बोलती बंद. काकांचं बोट वर गेलं की माणूस तंबूत. अहो, एवढं सुख कुणाच्या वाट्याला येतं?

आणि नेमका अशा माणसाचा डावा खांदा आखडला. फ्रोझन शोल्डर. हात छातीपर्यंत यायचा आणि तिथंच संपावर जायचा. शर्टाची बाही धरून काकू रोज म्हणायच्या, "अहो, इंजेक्शन घ्या एकदाचं!" पण काकांना सुईचं भलतंच भय. "आपोआप सुटेल," म्हणायचे. कुठलं सुटतंय, कपाळ!

आता यात अडचण काय, ते नीट ऐका. वाइड द्यायचा तर अंपायरला दोन्ही हात आडवे पसरावे लागतात. एकच पसरला तर तो नो-बॉल. सिक्सरला दोन्ही हात डोक्यावर. एकटा उघडा पंजा वर गेला तर ती बाय, म्हणजे बॅटला न लागता काढलेली धाव. रविवारच्या स्पर्धेच्या सेमीफायनलला काका जिवाच्या आकांतानं खुणा करत होते, पण डावा हात उठेल तर शपथ. सगळ्या वाइडचे नो-बॉल झाले.

स्कोअरर होता काकांचा मेहुणा. तो एक वेगळाच नमुना. चेंडूकडे तो बघतच नसे. अंपायरनं खूण केली की लिहायचं, बास. छापखान्याच्या संघाच्या कॅप्टननं चेंडू भिरकावला तो थेट मैदानाबाहेरच्या गॅरेजच्या पत्र्यावर. काकांचा उजवा पंजा वर गेला, डावा बरगडीला चिकटून राहिला. मेहुण्यानं शांतपणे लिहिलं: बाय, एक धाव.

मग काय विचारता! एकच गिल्ला झाला.

"अरे, चेंडू पत्र्यावर पडलाय!" कॅप्टन ओरडला.

"पडला असेल," मेहुणा म्हणाला, "पण भावजींनी बाय दिलीय. भावजींचा शब्द मी मोडत नाही."

काकांना त्या क्षणी मेहुण्याचा गळा दाबायचा होता, पण त्यालाही दोन हात लागतात.

स्पर्धेच्या सेक्रेटरीनं काकांना बाजूला घेतलं. "काका, फायनलला महिना आहे. तोवर हात वर झाला तर उभे राहा. नाहीतर कोट देऊन टाका आणि सावलीत बसून चहा प्या." काका घरी आले ते कोट मांडीवर घेऊन बसून राहिले. कोट गेला तर मागं उरलं काय? मांजर.

शेवटी काकूंनीच त्यांना ओढत नेलं. हाडांचा डॉक्टर जवळपास एकच, आणि तो दवाखान्याच्या संघाचा ओपनर. गेल्या वर्षी काकांनी त्याला शून्यावर पायचीत दिलं होतं. तेव्हापासून तो चष्मा दुसरीकडून घ्यायचा.

"दुखरा हात वर करा," डॉक्टर म्हणाला.

काकांनी उजवा वर केला. डॉक्टर कापूस घेऊन तिकडे वळला तशा काकू किंचाळल्या, "अहो, तो नव्हे!"

"दुखरा वर जात नाही म्हणून तर हा केला!" काका म्हणाले.

डॉक्टरनं डावा खांदा चाचपला, औषध भरलं आणि सुई उजेडात धरली. चांगली लांबलचक होती मेली. "काका, आता खरं सांगा. गेल्या वर्षी चेंडूचा टप्पा लेग स्टंपच्या बाहेर होता ना?"

काकांना दरदरून घाम फुटला. हो म्हणायला काय जात होतं? काकू तर मागून चिमटे काढत होत्या. काकांनी डोळे गच्च मिटले. "आउट होता तुम्ही."

"पुन्हा विचार करा."

"आउट!" काका ओरडले.

"झालं. उघडा डोळे," डॉक्टर म्हणाला. सुई केव्हाच आत जाऊन बाहेर आली होती. "आता सूज उतरेल, पण ही जादू नाही. रोज बोटांनी भिंत चढायची."

दोन दिवस खांदा ठणकला, मग हळूहळू सैल पडत गेला. काका घरभर भिंती चढू लागले. पालींनी दुसरीकडे बिऱ्हाड केलं.

फायनलला दवाखाना विरुद्ध छापखाना. शेवटचे दोन चेंडू, आठ धावा हव्यात, आणि समोर डॉक्टर. त्यानं असा काही फटका हाणला की चेंडू सरळ दोरीपलीकडे. काकांचा उजवा हात वर गेला. डावाही निघाला, कानापर्यंत आला आणि अडला. मेहुणा पेन्सिल रोखून बसलेला. डॉक्टरला राहवेना. तो धावत आला, काकांचं कोपर धरलं, "श्वास सोडा" म्हणाला आणि हात अलगद वर नेला. सिक्सर!

"हा कुठला न्याय?" छापखान्याचा कॅप्टन उसळला. "बॅट्समननं स्वतःलाच सिक्सर दिली!" सेक्रेटरीही धावत आला, त्याचा डोळा कोटावर.

काका वळले. "चेंडू पलीकडे पडताना मी पाहिलाय. हात त्यांनी उचलला, निर्णय माझा आहे. चला, खेळा." कॅप्टन मागं फिरला.

शेवटचा चेंडू. थेट पॅडवर, मधल्या स्टंपसमोर. सगळा छापखाना एका सुरात ओरडला. काकांना गलबलून आलं. ज्यानं आत्ता आपला हात उचलून दिला, त्याच्यावरच बोट उचलायचं? पण चेंडू त्यांनी पाहिला होता. बोट वर गेलं. दवाखाना हरला.

डॉक्टर बॅट काखोटीला मारून तरातरा त्यांच्याच दिशेनं आला. आता मारतो की काय, म्हणून काकांनी मान आक्रसली. डॉक्टरनं त्यांचा खांदा धरला, पुढे-मागे फिरवून बघितला आणि म्हणाला, "अजून अडकतोय. आणखी एक इंजेक्शन."

"घ्यायलाच हवं का?" काकांचा आवाज बारीक झाला.

डॉक्टरनं बोट वर केलं.