लाल खुणेची बॅटरी

सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, श्री. म्हाळू बिरा कोळपे, वय अंदाजे बासष्ट, व्यवसाय शेती, पूर्वीचा व्यवसाय मेंढ्या, राहणार खुटबाव, तालुका दौंड, हे गेल्या चौदा महिन्यांपासून एका पांढऱ्या चारचाकी वाहनाचे विश्वासू ताबाधारक आहेत. वाहन चालविण्याचा परवाना: नाही. सदर वाहन त्यांचे चिरंजीव सत्यजीत यांनी भरूचच्या कारखान्यात नोकरीला जाताना त्यांच्या हवाली केले असून, ते दर रविवारी दहा मिनिटे चालू करण्याची जबाबदारी सदर इसमाने स्वीकारली आहे.

स्वीकारली, इतकंच. पार पाडली नाही.

म्हाळूआबांचा गाडीवर राग नव्हता, गावावर संशय होता. इंजिनाचा आवाज निघाला की चालू गाडी दारात आहे हे गावाला कळणार, आणि मग आज कुणाला सोयरिकीला जायचंय, उद्या कुणाला दवाखान्यात. त्यापेक्षा गाडी कांद्याच्या रिकाम्या चाळीत, ताडपत्रीखाली, गप्प बरी. रविवारी सत्यजीतचा फोन आला की आबा सांगत, "केली की चालू. धा मिन्टं." एकदा तो म्हणाला, फोन बॉनेटजवळ धरा, आवाज ऐकू द्या. आबांनी फोन शेजारच्या चालू ट्रॅक्टरजवळ धरला. सत्यजीतनं तो आवाज पुन्हा एकदा ऐकवायला लावला. मग "बरं" एवढंच आलं.

परवा फोन आला तो मात्र वेगळा. "उद्या दुपारपर्यंत पोचतो, आबा. गाडी घिऊन आईला जेजुरीला न्यायचंय."

आबांनी ताडपत्री काढली, किल्ली फिरवली. एक दिवासुद्धा लागला नाही. पोरानं विश्वासानं दिलेली एकच वस्तू, आणि चौदा महिन्यांचं खोटं उद्या अंगणात उघडं पडणार. त्यांनी वरवंडच्या ज्ञानदेव मेकॅनिकला फोन लावला.

ज्ञानदेव मोटरसायकलवर नवी बॅटरी बांधूनच आला. आबांना पहिला संशय तिथंच आला. बघायच्या आधीच नवी?

ज्ञानदेवानं बॉनेट उघडलं, बॅटरीला आवळलेल्या वायरींच्या टोकांवर मीटर टेकवला. "शून्य. मेली, आबा. नवी टाकू, जुनी मी घिऊन जातो."

"जुनी का नेतोस?"

"तशीच पद्धत हाय. जुनी द्यायची, नवी घ्यायची."

"पद्धत कुणी काढली? तूच ना?"

चाळीच्या दारात आबांची बायको अनसाबाई उभी होती. ती म्हणाली, "ज्ञानदेवा, जरा जपून. ह्यांनी लग्नात माझ्या बापानं दिलेलं सोनंबी तोलून बघितलंय."

ज्ञानदेव पुन्हा मीटरकडे बघत राहिला. आता त्यालाही संशय आला. "आबा, खरं सांगा. मेलेली बॅटरीबी धा-अकरा व्होल्ट दाखवती. पार शून्य म्हंजी… आत बॅटरी हाय ना?"

"माझ्यावर आळ घेतोस व्हय?"

ज्ञानदेवानं पाना काढला आणि बॅटरीवरच्या वायरी सोडवल्या. खालच्या दोन्ही शिशाच्या खुंट्या लालभडक होत्या. ऑइलपेंटचे दोन जाड थर.

"हे कुणी केलं?"

आबा आढ्याकडे बघू लागले. मग म्हणाले, "मीच. खूण हाय ती."

खुलासा असा. कळपात दुसऱ्याच्या मेंढ्या मिसळल्या तर ओळखू याव्यात म्हणून मेंढीच्या पाठीवर रंग लावतात. पण पाठीवरची लोकर चोर कातरून टाकतो. म्हणून म्हाळूआबांच्या वडिलांनी शिकवलं होतं, एक खूण मांडीच्या आत, दिसणार नाही अशी. सत्यजीत गेला त्याच दिवशी आबांनी वायरी सोडून, खुंट्या रंगवून, वाळवून, वायरी परत आवळल्या होत्या. बॅटरी कुणी बदलली तर पकडता यावी म्हणून. रंगातून वीज जात नाही, हे मेंढीच्या बाबतीत कधी कामाला आलं नव्हतं.

अनसाबाई म्हणाली, "चौदा महिनं कुणाची टाप न्हाई झाली बॅटरीला हात लावायची. इंजनाचीबी न्हाई."

ज्ञानदेवानं पॉलिश पेपरनं खुंट्या घासल्या आणि मीटर टेकवला. बाराच्या वर. तो हसायलाच लागला. "आबा, बंद गाडीबी थोडी थोडी बॅटरी पीत असती. तुमच्या रंगानं तिला प्यायलाच दिलं न्हाई. म्हणून वाचली."

"मंग नवी घे म्हणून का सांगत व्हतास?"

"मीटर शून्य दाखवत व्हता."

"मीटर कुणाचा?"

वायरी परत आवळल्यावर तिसऱ्या किल्लीला गाडी खोकली आणि चालू झाली. ज्ञानदेवानं चाकांत हवा भरली, गाडी अंगणात आणून लावली आणि नवी बॅटरी परत मोटरसायकलला बांधली. बांधेपर्यंत आबा शेजारी उभे राहून बघत होते.

दुसऱ्या दिवशी आबांनी दाढी केली आणि गाडी दोनदा पुसली. सत्यजीत आला की किल्ली त्याच्या हातात द्यायची, तोंडानं काही बोलायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

सव्वाबाराला सत्यजीत रिक्षातून उतरला. दौंडला रेल्वेतून उतरल्यावर स्टेशनबाहेरच्या दुकानातून त्याने नवी बॅटरी विकत घेतली होती.